माइनक्राफ्टमध्ये लेकरांचा एवढा जीव का गुंततो?

औसेकरीण

परवा जेवताना आमच्याकडे मुलाच्या माइनक्राफ्टवरून चांगलीच वादावादी झाली. ठोकळे रचून घरं, विहिरी, काय हवं ते बांधायचा हा मोबाईलवरचा गेम. मोठे दीर म्हणाले, हे खूळ आहे, मोबाईल कपाटात टाका, चार दिवस रडेल अन् विसरेल. मी म्हणाले, आधी तो त्यात काय करायलाय ते तरी बघा. कुणीच बघितलं नव्हतं. मी स्वतः सहा महिने बघितलं नव्हतं, नुसती ओरडत होते. मुलगा आठ वर्षांचा. आम्ही लातूरला भाड्याच्या घरात राहतो, गाव औसा तालुक्यात.

सुट्टीत एका दुपारी मी त्याच्या शेजारी तासभर बसले. गावाकडचं आमचं जुनं घर त्यानं गेममध्ये बांधायला घेतलं होतं. धाब्याचं घर, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, पुढं ओसरी. सगळं चौकोनी ठोकळ्यांचं, एक ठोकळा म्हणजे एक मीटर. दारापाशी आल्यावर तो अडला. गावाकडच्या दारातून आजोबा वाकून आत येतात, अन् या दारातून कुणालाच वाकावं लागत नाही. म्हणजे आपलं चुकलं, असं त्याला वाटत होतं. मग त्यानं विहीर केली. दोन बाय दोनचा खड्डा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी. झालं. त्या खड्ड्यातून कितीही बादल्या काढा, पाणी हटत नाही. गेमचा नियमच तसा आहे. मला म्हणाला, "आई, आजोबांच्या विहिरीत पण दोन बादल्या ओतल्या तर?"

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. मी त्या वर्षी घागरी घेऊन टँकरमागं पळाले आहे. मला उत्तर सुचलं नाही.

मला जे वाटतं ते सांगते. लेकराला घरात स्वतःचं म्हणावं असं काहीच नसतं. भिंती घरमालकाच्या, वेळ शाळेची आणि शिकवणीची. गादी-उशांचं घर केलं तर पाहुणे यायच्या आत मीच ते मोडते. त्या गेममध्ये भिंत पाडायला कुणाला विचारावं लागत नाही, पाडलेली परत उभी करता येते, अन् काल जिथं सोडलं तिथंच आज सगळं सापडतं. लेकरं तिकडं ओढली जातात ती याच्यासाठी. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहा, मला दिरांशी परत बोलायचंय.

मास्तर, भूम

ताई, तुम्ही शेजारी बसून बघितलंत, हे फार चांगलं केलंत. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. बांधायची ओढ लेकरात असतेच, ती या गेमनं दिलेली नाही. गेमनं ती फक्त पकडून काचेमागं नेली.

दिवाळीत आमच्या अंगणात शेणाच्या गवळणी व्हायच्या. आजी मोठ्या करायची, आम्ही पोरं जातं, चूल, घागर, गोठा करायचो. शेण ओलं असलं की गवळण खाली बसायची, सुकं असलं की दुपारी तडकायची. शेणात किती पाणी घालायचं ते कुणी सांगत नव्हतं, बोटांनाच कळायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तिसरीतल्या पोरांना पोळ्याआधी मातीचे बैल करायला लावले, तर निम्म्या पोरांना शिंगं चिकटवता आली नाहीत. माती मळायची असते हेच माहीत नव्हतं. त्यातली दोघं मला मोबाईलवर अख्खा किल्ला दाखवत होती!

तुम्ही म्हणता तिथं पाडलेलं परत उभं करता येतं. मला भीती त्याचीच वाटते. पाडलेलं परत उभं राहत नाही, हेही लेकराला कधीतरी कळायला हवं.

गोदाकाठचा

मास्तर, मी नांदेडचा. सॉफ्टवेअरचं काम करतो, दोन भाच्यांबरोबर हा गेम रोज खेळतो. काचेमागं नेलं म्हणालात, पण काचेमागं तर हजारो गेम आहेत. गाड्या आहेत, बंदुका आहेत, गोळ्या-चॉकलेटं जुळवायची आहेत. लेकरं याच गेमात वर्षानुवर्षं का टिकतात, ते त्यानं सुटत नाही.

2009 मध्ये स्वीडनच्या मार्कस पेर्सननं हा गेम लोकांपुढं ठेवला तेव्हा तो अर्धामुर्धाच होता. पूर्ण आवृत्ती 2011 च्या नोव्हेंबरात आली, पण तोवर लाखो लोक तो अपुरा गेम विकत घेऊन खेळत होते. आत गेल्यावर काय करायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. माळावर एकटे उभे राहा, बस. झाडावर बुक्की मारली तर लाकूड मिळतं, हे एकानं दुसऱ्याला सांगायचं. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्यांचा क्राफ्टिंग टेबल, म्हणजे वस्तू बनवायचा टेबल. त्यावर वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधोमध खाली दोन काठ्या ठेवल्या की कुदळ तयार. नीट बघा, मांडणीच कुदळीच्या आकाराची आहे. वाचता न येणाऱ्या लेकरालाही ती ध्यानात राहते. माझी सहा वर्षांची भाची अशा तीसेक कृती तोंडपाठ सांगते अन् गल्लीतल्या पोरांना शिकवते. मोठ्यांपेक्षा जास्त कळतं अशी एखादी तरी जागा सहा वर्षांच्या पोरीला आपण दुसरीकडं कुठं ठेवली आहे?

आणि रात्र. गेममधला पूर्ण दिवस वीस मिनिटांचा. सूर्य कलला की लेकरू घाई करतं, कारण अंधारात झोंबी निघतात, क्रीपर नावाचा राक्षस जवळ येऊन फुटतो. दार लावायचं, कोळसा अन् काठीची मशाल पेटवायची, आत बसून बाहेरचे आवाज ऐकायचे. आपण आजोळी लाईट गेल्यावर कंदिलाभोवती जवळजवळ सरकून बसायचो, ती ऊब भाचीच्या चेहऱ्यावर दिसते मला. भीती आहे, पण तिच्यावरचा उपाय आपल्या हातात आहे.

तो क्रीपर कसा झाला माहीत आहे? पेर्सन डुक्कर करायला गेला, लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले, अन् एक उभट विचित्र प्राणी उभा राहिला. त्यानं तो खोडला नाही, ठेवून दिला. चुकलेलं ठेवून त्याचं काहीतरी करायचं, हे पोरांच्या वहीत आपण कधी चालू देतो?

कळंबचा काका

हे सगळं खेळणाऱ्या पोरांचं झालं. आमचा पुतण्या खेळतच नाही, दुसरे खेळतात त्याचे व्हिडिओ तीन-तीन तास बघतो. जेवताना मोबाईल लागतो, चार्जिंग संपलं की आदळआपट. त्यानं एक ठोकळाही स्वतः ठेवलेला नाही. त्याचं काय करायचं ते सांगा.

बालरोग, संभाजीनगर

काका, दवाखान्यात माझ्याकडं याच तक्रारीचे पालक जास्त येतात. मी त्यांना पहिलं हेच विचारते, लेकरू खेळतं की बघतं? दोन्हींना आपण 'मोबाईल' म्हणतो, पण बांधणारं लेकरू थांबतं, विचार करतं, मोडून परत करतं. बघणाऱ्यापुढं एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. आधी तो आपोआप सुरू होणं बंद करा आणि जेवणाच्या ताटापासून मोबाईल लांब ठेवा, घरातल्या मोठ्यांचा सुद्धा.

वेळेचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये मर्यादा सांगितल्या आहेत. दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. आणि हा गेम युरोपात सात वर्षांवरच्यांसाठी, अमेरिकेत दहा वर्षांवरच्यांसाठी म्हणून ठरवलेला आहे. गोदाकाठचे दादा, सहा वर्षांच्या भाचीला तुम्ही शेजारी बसून खेळवता हे उत्तम, पण तिला राक्षस नसलेल्या शांत प्रकारात ठेवा. त्या रात्रीच्या ऊबेबद्दल तुम्ही लिहिलंत तेवढं सगळ्या लेकरांचं होत नाही. काही जण रात्री दचकून उठतात.

ओव्हरसियर (निवृत्त)

मी एकाच गोष्टीवर लिहितो. नातवाबरोबर बसून मीही हा गेम बघितला. त्यानं झाडाचा बुंधा तोडला अन् वरचं झाड तसंच हवेत राहिलं. मग चारही भिंती काढल्या, छत जागेवर! नातू हसायला लागला. मला हसू आलं नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. नंतर मी त्या भागात पुनर्वसनाच्या बांधकामावर होतो. हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगडांत नुसती माती भरलेली, वर लाकडं अन् त्यावर मातीचा थरावर थर. गळू नये म्हणून दर वर्षी वर आणखी माती टाकायची, त्यानं वजन वाढत गेलेलं. भिंती फुगून बाहेर पडल्या अन् ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. ताईंच्या मुलानं बांधलं ते हेच धाब्याचं घर. वजन कुठून येतं आणि कुठं उतरतं, हे बांधकामाचं पहिलं अक्षर. ते अक्षरच ज्या गेममध्ये नाही, त्याला 'बांधणं' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गोदाकाठचा

काका, तुमच्यापुढं वाद घालायला संकोच वाटतो, तरी लिहितो. त्या गेममध्ये वाळू आणि खडी खाली पडते. खालचा ठोकळा काढला की कोसळते, वर उभे असाल तर तुम्हीही खाली. म्हणजे काही पडतं, काही तरंगतं. 'असं का?' हा प्रश्न माझ्या भाच्याला तिथंच पडला अन् तो माझ्याकडं आला. तुमच्या नातवाला उत्तर द्यायला तुम्ही आहात. बहुतेक लेकरांना कुणी नसतं, मला खरी उणीव ती वाटते.

आणि हे नुसतं पोरांचं राहिलेलं नाही. 2012 पासून संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक कार्यक्रमानं याच गेमच्या मदतीनं लोकांकडून त्यांच्या भागातल्या मोकळ्या जागांचे आराखडे करून घेतले. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही झाड कुठं हवं, दिवा कुठं हवा, हे ठोकळे ठेवून दाखवता येतं.

मास्तर, भूम

आराखड्याचं मान्य. भाचीचंही मान्य, आपण पोरांकडून शिकून घेत नाही हे खरं आहे. पण सगळ्यांना विचारतो, ताईंनी लिहिलेली गादी-उशांची घरं आपण मोडतो, ती मोडायचं थांबवलं तर? लेकराला ठोकळ्यांतलं जग हवं आहे की न मोडलं जाणारं जग हवं आहे? माझ्या मते दुसरं. ते आपण देत नाही, म्हणून ते पहिल्यावर भागवतं. येत्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप (खोपटी) बांधायचं काम पोरांवर सोडा. कडबा द्या, दोरी द्या, अन् तिरकी झाली तर तिरकी राहू द्या. आंबील तिच्यातच बसून प्या. शाळेच्या मागं एक कोपरा मी या वर्षी मोकळा सोडणार आहे. तिथलं पोरांनी केलेलं काही शिपायानं झाडायचं नाही, असं सांगून ठेवलंय.

मोबाईलला माझा विरोध आहे तो आहेच.

औसेकरीण

मास्तर, गादी-उशांचं तुम्ही बरोबर पकडलंत. चार दिवस झाले, आमच्या पुढच्या खोलीत चादरीचं घर उभं आहे. पाहुणे येऊन गेले, बाजूनं बसले.

रविवारी गावाकडं गेलो होतो. विहिरीत दोन बादल्या ओतायच्याच, हा हट्ट त्यानं सोडला नव्हता. सासऱ्यांनी त्याला कमरेला धरलं अन् ओतू दिलं. तळाला हातभर पाणी. खूप खालून आवाज आला, पाणी काही चढलं नाही. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग विचारलं, "केवढी खोल आहे?" सासरे म्हणाले आठ परस. परस म्हणजे काय? एक पुरुष उभा, त्याच्या डोक्यावर दुसरा, असे आठ.

लातूरला आल्यावर त्यानं गेममधल्या विहिरीतलं पाणी काढून टाकलं आणि खाली खणायला लागला. मी मोजत होते. गेममधला माणूस दोन ठोकळ्यांत मावतो, म्हणून सोळा. सोळाव्या ठोकळ्यावर थांबला अन् तळाशी एकच बादली ओतली. दोन ओतल्या तर ती आजोबांची विहीर राहणार नाही म्हणाला.

ओव्हरसियर काका, माळवदाचं तुम्ही लिहिलेलं मी त्याला अजून वाचून दाखवलेलं नाही. किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे. सांगायचंय, पण सासरे शेजारी असताना. भूकंपाच्या रात्री ते त्याच घरात होते.