काटेवाला गुम्बा: उत्तम गुरू की नुसता अडथळा?

बंदरावरचा (मालवण): ‘पेपर मारिओ’ हा २००० सालचा, आळीपाळीने वार करत लढायचा व्हिडिओ गेम, डिसेंबर २०२१ पासून निन्टेन्डोच्या स्विच या गेम-यंत्रावरही मिळतो. त्यातला स्पाइक्ड गुम्बा, म्हणजे डोक्यावर टोकदार काटा असलेला छोटा शत्रू, कुणाच्या खिजगणतीत नसतो. माझ्या मते अख्ख्या गेममधला सर्वात चांगला गुरू तोच. साध्या, बिनकाट्याच्या गुम्बासारखाच त्याचा जीव (किती मार सोसतो तो आकडा) २, पण तो देतो तो मार १ नाही, २. वरून उडी मारली तर त्याला काही होत नाही, उलट मारिओचाच जीव कमी होतो. हातोडा काढावाच लागतो. आमच्याकडे शिंगाळा जाळ्यात आला की पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे बघूनच हात घालतात. ती नजर हा गेम पहिल्या तासात देतो.

आंबेवाला (देवगड): माका ह्यां पटणा नाय. गुरू कसला? उत्तर एकच आहे, हातोडा. एकच उत्तर असलेला प्रश्न दहा वेळा विचारला की तो कंटाळा होतो. पुढे स्पाइक शील्ड हा बॅज (लावला की नवी ताकद देणारा बिल्ला) मिळाला की काट्यावरही खुशाल उड्या मारा. मग त्या काट्याचं उरलं काय?

बंदरावरचा: एकटा असेल तर उत्तर एकच, मान्य. पण तो एकटा कुठे येतो? हातोडा जमिनीवरच्या सर्वात पुढच्या शत्रूलाच लागतो, उडी मात्र रांगेतल्या कुणावरही मारता येते. पुढे साधा गुम्बा आणि मागे काटेवाला असला की आधी पुढचा संपवावा लागतो, आणि तोवर मागचा २-२ चा मार देत राहतो. त्यात पंखवाला पॅरागुम्बा असेल तर हातोडा तिथे पोचतच नाही. सोबतचा गुम्बारिओही उडी मारूनच डोकं आपटतो, त्यामुळे काट्यावर त्याचा उपयोग नाही. सुरुवातीच्या गुम्बा रोडवर आपला सगळा जीव १०, आणि वेळेवर बटण दाबून मार कमी करायची सोय पुढे लकी स्टार ही वस्तू मिळाल्यावरच येते. इतक्या कमी साधनांत एवढा विचार करायला लावणारा दुसरा शत्रू दाखवा. बॅजचं म्हणाल तर ते लावायला लागणारे बॅज पॉइंट मोजकेच असतात. शील्ड लावायची तर दुसरं काहीतरी काढावं लागतं. ती निवडच आहे.

आंबेवाला: रांगेचा मुद्दा बरोबर, तो मी धरला नव्हता. पण मग श्रेय रांगेचं, काट्याचं नाही. आणि नवख्याला पहिला फटका बसतो तो न सांगताच. गुम्बारिओ शत्रूची माहिती सांगतो, पण ती इंग्रजीत.

खाडीपलीकडची (राजापूर): इथेच मी काट्याच्या बाजूने आहे. माझा भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. त्याला गुम्बारिओचं एक वाक्य वाचता येत नाही. काटा मात्र वाचता येतो! फणसाला हात कसा लावायचा हे आपल्या पोरांना कुणी लिहून देत नाही.

आंबेवाला: मग त्याला आधी काहीच न सांगता खेळायला द्या. उडी मारतो की हातोडा काढतो, ते इथे लिहा.

खाडीपलीकडची: रविवारी येणार आहे तो. लिहिते.