विषय: समया गेल्या, अर्ज राहिला

गोव्याहून

मंडळी, नमस्कार.

चवथीला घर उघडायचं म्हणून यंदा पंधरा दिवस आधीच गावी आलो. मागचं दार फोडलेलं. देवघरातल्या दोन समया आणि न्हाणीतला तांब्याचा भाण गेला. ठाण्यात गेलो. हवालदार वाकडं बोलला नाही, बसायला खुर्चीही दिली. पण म्हणाला, "अर्ज लिहून द्या, बघतो." मी दिला आणि पोच न घेताच परतलो, शहाणा मी!

पुढच्या रविवारी गावात पोलिसांची लोकांबरोबर बैठक होती. वीसेक जण बोलले. कुणी खाणीचे ट्रक, कुणी भाडेकरूंची नोंद, कुणी रात्री पिऊन भरधाव जाणाऱ्या गाड्या. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. पण दीड तासात त्यांच्या बाजूच्या एकाच्याही हातात पेन दिसलं नाही. परतताना शेजारची काकी म्हणाली, "पोलिसांक सांगून कितें जातलें?" पोर्तुगीज काळात छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या पोलिसांच्या एजंट मोंतेरोचं नाव काढलं तरी लोकांच्या पोटात गोळा यायचा. काकीला तशी भीती नाही, ती कंटाळली आहे. मला हे जास्त लागलं.

मंडळातर्फे पत्र द्यावं का?

लंडनहून

काका, पत्र नंतर. आधी एफआयआर.

अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. पाच हजारांच्या आतली साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी) झाली आहे, ते कारण कुणी पुढे करील. तुम्ही सांगा, दार फोडलंय, घरात शिरलेत. घरफोडी दखलपात्रच आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 वाचा. प्रत फुकट मिळते. नकार दिला तर एसपींना लेखी कळवायचं. आणि कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आला हे 90 दिवसांत तक्रारदाराला कळवायचं असतं, फोनवर मेसेज पाठवला तरी चालतं. तुमच्या बैठकीत हे एवढं एकच मागितलं असतं तरी पुरे होतं.

इथे आमच्या वॉर्डात रहिवाशांचं पॅनेल असतं. पोलिसांनी आधी कशाकडे बघायचं ते लोक सांगतात आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याचं काय झालं इथून होते. चहा मात्र भयंकर असतो.

फोंड्याहून

ताई, लंडनची आरती जरा बेताने. तिथल्याच पोलिसांवरचा लुईस केसी यांचा 2023 चा अहवाल आम्हीही वाचलाय. वंशभेद आणि स्त्रीद्वेष त्या दलात संस्थेच्या पातळीवर मुरलाय, असं त्यात लिहिलंय. पॅनेलं तेव्हाही होतीच की.

मी परत येऊन इथेच राहतोय म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्या बीटवरचा शिपाई चांगला आहे, नावानिशी ओळखतो. पण शिगमो, कार्निव्हल, नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सव, मध्येच कुणी मोठा पाहुणा, की तो गेला बंदोबस्ताला. परत येईपर्यंत तुमचा अर्ज कुठल्या फायलीखाली गेला ते त्याला तरी काय ठाऊक? बैठकीत पेन नव्हतं म्हणता ते खरं, पण पेन धरणारा माणूस गावात टिकायलाही हवा.

आणि काका, वागणुकीचीच तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंग खटल्याच्या 2006 च्या निकालात अशी प्राधिकरणं नेमायला सांगितलं होतं. पण तुमचा हवालदार त्या लायकीचा वाटत नाही. खुर्ची दिली ना त्याने!

गोव्याहून

ताई, काल गेलो. कलमाचा आकडा उच्चारायचीही वेळ आली नाही. "दार फोडलंय" म्हटल्यावर त्याच हवालदाराने रजिस्टर ओढलं. प्रत हातात आहे, 90 दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. पुढच्या बैठकीला वही मी नेणार, आणि शेवटी साहेबांची सही मागणार. देतील न देतील.

आता हवालदाराला समयांचा फोटो हवाय. माझ्याकडे एकच आहे, त्यात समईच्या पुढे आमच्या आतेचं डोकं. मागच्या पाच-सहा वर्षांत कुणी चवथीला आमच्याकडे येऊन गणपतीवरच्या माटोळीखाली फोटो काढला असेल तर शोधून पाठवा. एका समईवरच्या मोराची चोच मोडलेली आहे, त्यावरून लगेच ओळखू येईल.