घोडा दुखावलाय, तुम्ही कसे आहात? (अनुभव धागा)

गोदाकाठ (धागाकर्ती)

लहानपणी आजी कोडं घालायची: घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. गेले सात आठवडे आमचा घोडा फिरवायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, आणि अडलीये मी.

राजा, माझा घोडा, अकरा वर्षांचा, मारवाडी जातीचा. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे एका मळ्यात तबेला आहे, तिथे असतो. जूनच्या शेवटी पहिल्या मोठ्या पावसानंतर द्राक्षबागेच्या कडेनं त्याला चौखूर सोडला होता. काळी माती वरून वाळलेली दिसते आणि खाली लोणी असते, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मी इथलीच. पुढचा डावा पाय रुतला. तो सावरला, पडला नाही, मीही पडले नाही. तबेल्यापर्यंत चालत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली मागच्या बाजूला हात लावला तर तापलेला तवा. सोनोग्राफीत टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटल्याचं दिसलं. नऊ महिने ते वर्ष, डॉक्टर म्हणाले.

हे सांगायचं कुणाला? ऑफिसातला एकजण म्हणाला, "मग तेवढे दिवस दुसरा घे ना चालवायला." स्कूटर सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं. सासूबाई चांगल्या मनानं म्हणाल्या, पहाटेची झोप तरी मिळेल तुला. झोप कुठली, साडेपाचला डोळे टक्क उघडे. परवा खोगिरावरचं कापड काढलं तर खाली पांढरी बुरशी. तिथेच बसून रडले. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका म्हणाले, "ताई, चामडं आहे, पुसलं की जातं," आणि मला आणखीच भरून आलं.

ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांनी लिहा. औषधं नकोत, ती डॉक्टर बघताहेत. तुम्ही स्वतःचं काय केलंत ते हवंय.

आडगाव नाका

मी काय करू नये ते सांगतो.

माझी काठियावाडी घोडी, असंच टेंडन. पाचव्या महिन्यात तिचं लंगडणं पूर्ण थांबलं होतं. पाय गार, चाल साफ, खाऊन-पिऊन तट्ट. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरतो. मित्र सगळे घोडे घेऊन निघालेले. मी विकायला नव्हतो नेत, नुसती मिरवायची होती. जायच्या आधी "बघूया तरी" म्हणून मळ्यात चार फेऱ्या दुडकी चालवली. चौथ्या फेरीत तिनं मान वर झटकली आणि मला तेव्हाच कळलं.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी वर्षाच्या वर गेलं, आणि पूर्वीची धाव काही परत आली नाही. तिनं माझ्यावर राग धरला नाही, तेच जास्त लागतं. राग धरला असता तर फिटंफाट झाली असती.

दुसऱ्या खेपेला मी कालनिर्णयावर रोज एक आकडा लिहायचो, किती मिनिटं हातात धरून चालवली तो. ५, ५, ५, ८. बायको म्हणायची दुधाचा हिशोब आहे का हा. पण त्या आकड्यांनी मला लगाम घातला. घोडीला घालायची गरजच नव्हती.

जनावरांची डॉक्टर

औषधं नकोत म्हणालात, तरी एक गोष्ट लिहिते, कारण ती मनाशीच जोडलेली आहे. वरच्यांनी जे भोगलं ते फार जण भोगतात. सूज आणि दुखणं काही आठवड्यांत उतरतं, टेंडनचे धागे मात्र महिनोन्‌महिने जुळत राहतात. त्यातही जे भरून येतं ते व्रणाचं ऊतक, मूळच्या इतकं लवचीक नसतं. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, वर स्वार बसला की आणखी. म्हणजे मालकाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो घोडा ठणठणीत दिसायला लागल्यावर. पहिला महिना धावपळीत जातो. पाचवा-सहावा महिना माणसाचा कस बघतो.

आणि ठाणबंद घोड्याचा खुराक कमी करा, धान्य विशेषतः. प्रेमापोटी लोक हरभरा वाढवतात आणि मग पोटशूळ घेऊन रात्री दोनला मला फोन करतात. घोड्याला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवा. गवत मात्र भरपूर द्या, दिवसभर काहीतरी चघळायला हवं त्याला.

वरातीची घोडी

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका, पण ताई, तुमचं दुःख मोठ्या घरचं आहे. तुमचा घोडा बसला तर तुमची पहाट गेली. आमची घोडी बसली तर चूल बसते.

पंचवटीत असतो आम्ही. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात चांदणीच्या मागच्या खुरात खिळा घुसला. मांडवाचाच खिळा, दुसऱ्याच्या लग्नातला. तिसऱ्या दिवशी पाय टेकेना. आत पू झालेला. नालबंदाने नाल काढली, डॉक्टरांनी तळ कोरून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. रोज कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवायचा, बांधायचा, कोरड्यात उभं करायचं. हातात चौदा वराती घेतलेल्या होत्या. लोकांचे विसार घेऊन ठेवलेले, खर्चूनही झालेले. मेव्हण्याची घोडी आणली दिवसाच्या भाड्यानं. वरातीमागून घोडं म्हणतात ना, आमची वरात पुढे आणि घोडं शोधत मी मागे.

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. एका रात्री वरात आमच्याच गल्लीवरून गेली. बँडचा आवाज ऐकून चांदणी आत उभी होती ती घामानं भिजली. दुखता पाय उचलून धरलेला आणि पुढच्या खुरानं फरशी बडवतेय, ठेक्यात. तिला वाटलं आपल्याला न्यायचं विसरले. मी बाहेर दुसऱ्या घोडीचा लगाम धरून नाचणाऱ्या पोरांमधून चाललेलो. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांत बरी झाली ती. पैसे फिटायला दिवाळी उजाडली. रडायला मला तेव्हा वेळ नव्हता. आत्ता हे लिहिताना मात्र थांबावं लागलं मधे.

गोदाकाठ

राग नाही आला, दादा. चूल बसते हे मी लिहिताना माझ्या डोक्यातही नव्हतं, ते खरंच. चांदणीचं वाचून उठले आणि राजाच्या इथे कुणी दुसरा घोडा बाहेर काढताना त्याचं तोंड कुठे असतं ते बघायला गेले. दाराकडे असतं.

नववीतल्या मुलीची आई

आमचा घोडा नव्हताच, त्यामुळे लिहू की नको असं झालं होतं. मुलगी गंगापूर रोडच्या बाजूला रायडिंग शिकायला जायची, दीड वर्षं एकाच घोड्यावर. तो लंगडायला लागला. आदल्या दिवशी तिनं त्याला उडीवरून नेलं होतं. तिनं मनाशी धरलं की माझ्यामुळेच. सरांनी सांगितलं, मी सांगितलं, उपयोग शून्य. जेवेना.

मग सरांनीच तिला खरारा करायला बोलावलं. आठवड्यातून दोनदा. आयाळ विंचरायची, खुरातली माती काढायची, दोन गाजरं द्यायची. पहिल्या दिवशी नुसती त्याच्या मानेला टेकून उभी राहिली, मी गाडीतून बघत होते. हळूहळू जेवायला लागली. बसायचं नसताना तिथे जायचं हे तिला आवडायला लागलं, कपड्यांना वास घेऊन यायची.

आणि मग एका रविवारी ठाण रिकामं. क्लासवाल्यांनी घोडा परस्पर देऊन टाकला होता, कुठे ते धड सांगेनात. धंद्याचं गणित असेल, बसून खाणारा घोडा परवडत नसेल, सगळं मान्य. पण एक फोन करता आला असता. चौदा वर्षांच्या मुलीला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही, हे मला अजून गिळलेलं नाही. ती आता घोड्यावर बसत नाही. तिची खरारा करायची ब्रश दप्तराच्या कप्प्यात आहे, मी काढत नाही.

देवळाली कॅम्प

निवृत्त माणूस. माझ्या घोड्याचं मागच्या पायाच्या सांध्याचं दुखणं, वय एकवीस. कुणी म्हणालं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या. मी ट्रक ठरवलाही होता. मग रात्रभर कसाऱ्याचा घाट डोळ्यांपुढे. त्या वळणांवर चार पायांवर तोल सावरत उभं राहायचं, त्यातला एक पाय असा. सकाळी ट्रकवाल्याला नको सांगितलं. इथल्याच डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की आता स्वारी नाही, कधीच नाही. चरू दे, फिरू दे.

मला वाटलं होतं मी कोसळेन. उलट हलकं वाटलं. वाट बघणं संपलं ना. अधांतरी लटकलेले ते चार महिने वाईट होते, निकालानंतरचे दिवस नव्हते. हे कुणाला पटेल न पटेल.

एकटा पडू नये म्हणून शेळी आणून ठेवली सोबतीला. ती त्याचा लसूणघास खाते आणि तो काही बोलत नाही.

पुढच्या वर्षी मी दुसरी घोडी घेतली. पहिल्यांदा तिच्यावर खोगीर चढवलं ते त्याच्या नजरेआड, भिंतीमागे. माझं वय सत्तरीला टेकलेलं आणि चोरासारखा रिकिबीत पाय घालतोय. बायकोनं हसून पुरेवाट केली माझी. आता त्याच्यासमोरूनच नेतो. तो बघतो, एकदा फुरफुरतो, पुन्हा चरायला लागतो. दसऱ्याला पूजा आधी त्याची, मग तिची.

आडगाव नाका

काका, शेळीची युक्ती माझ्याकडे फसली. शेळीनं घोडीची शेपटी खाल्ली.

गोदाकाठ

काल पोळा झाला. मळ्यात बैल रंगवले, झुली घातल्या. मोतद्दार काका राजालाही गुलाल लावून गेले. म्हटलं, काका, घोड्याचा दसरा असतो. म्हणाले, "तोवर त्यानं काय नुसतं बघायचं?"

डॉक्टरांनी दहा मिनिटं हातात धरून चालवायची परवानगी दिलीये. आज पहिला दिवस. अडीच महिन्यांनी बाहेर आलेला घोडा, समोर कुंपणाला अडकलेली खताची रिकामी गोणी फडफडली, आणि साहेब दोन पायांवर. मी दोर सोडला नाही. चिखलात गुडघ्यांवर आले, पण दोर सोडला नाही. नंतर दोघंही थरथरत उभे. मग त्यानं माझ्या डोक्यावरचं गवत खाल्लं. कालनिर्णयावर दहा लिहिलंय, खरं तर सातच मिनिटं झाली.

खोगिरावरची बुरशी पुसली, चार दिवसांत पुन्हा आली. काय करू?

वरातीची घोडी

ताई, उन्हात ठेवू नका, चामडं तडकेल. कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वारं लागेल असं टांगा, वाळल्यावर चामड्याचं तेल हलक्या हातानं. आणि वर प्लास्टिक घालू नका, जुनं धोतर घाला.

गोदाकाठ

प्लास्टिकच घातलं होतं. काढते.