हातात पुस्तक कुणी ठेवलं? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी आमच्या नेहमीच्या पुस्तकाच्या दुकानात एका कवयित्रीचा कार्यक्रम होता. खुर्च्या पंचवीस, माणसं एकोणीस, मी मोजली कारण चहा सांगायचं काम माझ्याकडे होतं. दीड तास कुणी उठलं नाही. घरी येताना गाडीवर तेच डोक्यात, की मोबाईलवरून पुस्तकं मीही मागवतो पण लक्षात राहिलेली जवळजवळ सगळी कुणीतरी हातात ठेवलेली आहेत. म्हणून हा धागा. नवीन पुस्तक सुचवायचं तर नुसतं नाव टाकून जाऊ नका, ते तुमच्यापर्यंत कसं आलं ते लिहा. लेखक भेटले असतील तर ते लिहा, फसलेले कार्यक्रम पण लिहा.

माझं आधी. आईचं माहेर उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. हे मी दुकानदार काकांना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, मी विसरलो, ते नाही विसरले. दोनेक वर्षांनी गेलो तर म्हणाले, "थांबा ओ, तुमच्यासाठी एक ठेवलंय." कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', 2023 चा साहित्य अकादमी मिळालेलं. धरणामुळे गाव सोडलेला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला परत जातो. भाषा कोल्हापूरकडची, पहिली वीस पानं अडखळलो. पण आईला थोडं वाचून दाखवलं तर ती मधेच आमच्या गावातल्या गोठ्याचं बोलायला लागली, जे मला आजवर तिनं कधी सांगितलं नव्हतं.

विजापूर रोड

माझे वडील टेलर. चाळीस वर्षं मशीन चालवलं, आता अल्टर आणि फॉल-पिको एवढंच येतं. दुकानातल्या ताईंना हे माहीत होतं, त्यांनी देविदास सौदागर यांचं 'उसवण' दिलं. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला. रेडिमेड कपडे आल्यावर शिंप्याच्या घरात काय होतं तेच आहे त्यात. मी रोज रात्री पप्पांना चार-पाच पानं वाचून दाखवायची, ते चष्मा काढून ऐकायचे, काही बोलायचे नाहीत. संपलं त्या दिवशी म्हणले, "ह्यानं मशीनवर बसून लिहिलंय, टेबलावर बसून नाही." मला त्या पुस्तकाबद्दल याहून चांगलं काही सांगता येणार नाही.

नवीन सदस्य

आमच्या घरात कन्नड. आई अक्कलकोट तालुक्यातली, मराठी बोलते पण वाचायचं म्हटलं की कन्नडच. 2025 मध्ये बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, कन्नडला पहिल्यांदाच, तेव्हा मी दुकानात इंग्रजी अनुवाद घ्यायला गेलो. त्यांनी दिला, आणि विचारलं घरात कन्नड कोण वाचतं का. मग ओळखीतल्या कुणाकडून तरी विजापूरवरून मूळ कन्नड कथा मागवून दिल्या, पंधरा दिवस लागले, वर एक रुपया जास्त घेतला नाही. आता मी इंग्रजीत वाचतो, आई कन्नडमध्ये, आणि जेवताना भांडतो की कथेतला नवरा तसा का वागला. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एका गल्लीत ऐकू येतं, मग दुकानात एखादं कपाट या भाषांचं का नसावं असं मला मनापासून वाटतं.

बार्शीवरून

फसलेला कार्यक्रम सांगतो, जबाबदार मीच होतो. तारीख घेतली जानेवारीत, ऐन गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापूरकर पुस्तकाच्या दुकानात येईल असं मला कसं वाटलं काय माहीत. लेखक पुण्याहून दुपारच्या गाडीनं आले, ऐकायला आम्ही चौघं. मला मान वर करता येईना. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, सतरंजीवर आमच्यात येऊन बसले आणि कच्च्या हस्तलिखिताची पानं वाचायला लागले, कुठे अडलंय ते आम्हाला विचारत. रात्री साडेनऊ वाजले. माझी शेवटची एसटी गेली, दुकानदारांच्या घरी राहिलो, लेखक सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला परत. पुढच्या वर्षी तारीख फेब्रुवारीत घेतली, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती.

पूर्वीचा शाळामास्तर

2006 च्या साहित्य संमेलनाला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली अध्यक्ष, आपल्या सोलापूरचे. मुलं लांब बसली होती, किती ऐकू आलं कोण जाणे. 18 जून 2025 ला ते गेले त्यानंतर दुकानात पुढच्या टेबलावर त्यांची सगळी पुस्तकं मांडली होती. तिथं एक गृहस्थ उभ्यानं 'चकवाचांदण' हे त्यांचं आत्मचरित्र वाचत होते, मला बघून म्हणाले, "सर, तुम्हीच नेलं होतं आम्हाला." मग त्या रविवारी आम्ही दोघं नान्नजला माळढोक पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. माळढोक दिसला नाही, काळवीट भरपूर दिसले.

दुकानात काम करते

सगळं वाचलं, काकांनाही वाचून दाखवलं. आतली गोष्ट सांगते. पाचशे-हजार प्रतींची आवृत्ती असलेलं पुस्तक आम्ही पाच प्रती मागवतो तेव्हा ते पैसे अडकतात, म्हणून प्रत्येक नवीन पुस्तक ठेवता येत नाही. कार्यक्रमाआधी निदान आठ-दहा जणांनी पुस्तक वाचलेलं असलं तर लेखक वेगळंच बोलतात, हे मी प्रत्येक वेळी बघितलंय. म्हणून आता आम्ही तीन आठवडे आधी प्रती आणतो, कुणाला घेणं जमत नसेल तर वाचून परत द्या म्हणतो, पुठ्ठ्याचं कव्हर घालून देतो. उन्हाळ्यात कार्यक्रम संध्याकाळी साडेसातनंतरच, त्याआधी त्रेचाळीस-चव्वेचाळीसमध्ये कुणाला बोलवायचं नाही. आणि विजापूर रोडच्या ताई, पप्पांना एकदा घेऊन या. 'उसवण'च्या दोन प्रती आहेत, एक वाचायला फिरतीये, ती नेलेल्या काकूंना त्यांच्याशी बोलायचंय.