‘नेट नव्हतं, सर’ : तुमचे अनुभव लिहा

तिसरी_पायरी
काल संध्याकाळी आमच्याकडचं नेट दोन तास गेलं. लेक सातवीत. विज्ञानाचा प्रकल्प रात्री बाराच्या आत चढवायचा होता, तिनं घर डोक्यावर घेतलं. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून दिला, दहा मिनिटांत काम फत्ते, बाईसाहेब झोपल्यासुद्धा. मला मात्र झोप येईना.

मी अकरावीत असताना आमच्या घरी नेट नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. त्यांचं वायफाय आमच्या दारापर्यंत पोचायचं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक कांडी यायची, पाचवीवर दोन. पण पाचवीवर बसलं की त्यांच्या दारातून दिसायचं, म्हणून मी तिसरीवर. पासवर्ड त्यांच्या मुलानं दिलेला, काकांना पत्ता नव्हता (असं मला वाटायचं). मांडीवर दादाचा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून घरातून दाराच्या फटीतून वायर बाहेर काढलेली. येणारा-जाणारा ती ओलांडून जायचा. जिन्यातला दिवा हालचाल झाली तरच लागणारा. मी टाइप करत बसले की दोन मिनिटांत विझायचा, मग हात वर करून हलवायचा की परत उजेड. लिहिता लिहिता मध्येच हात हलवायची सवय पुढे कितीतरी दिवस सुटली नाही.

एक दिवस पासवर्ड बदलला. कुणी काही बोललं नाही. निबंध राहिला. वर्गात विचारलं तेव्हा मी ‘विसरले’ म्हणून सांगितलं. विसरले म्हटलं की चार शब्द ऐकून सुटका होते. ‘घरी नेट नाही’ म्हटलं असतं तर अख्ख्या वर्गानं माना वळवल्या असत्या.

तर लिहा. तुमचे, मुलांचे, विद्यार्थ्यांचे. सल्ले नंतर, आधी अनुभव.

उशिरा_उठणारा
पहिला मी! सविस्तर नंतर, स्टॉप आला.

कोरी_पाटी
टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी). तो हात हलवणं अगदी डोळ्यासमोर आलं.

आम्ही तिघी बहिणी आणि फोन एक, तोही बाबांचा. बाबा कामावरून आले की फोन आला. आधी मोठीचा नंबर, तिचं शेवटचं वर्ष. मग मधली. माझ्यापर्यंत येईस्तोवर दिवसाचा डेटा संपलेला असायचा. नवा डेटा रात्री बाराला सुरू व्हायचा. मी गजर लावून उठायचे. आणि गृहपाठ द्यायची मुदत किती? ११:५९.

एक मिनिट हो. वर्षभर एका मिनिटानं उशीर.

गच्चीवरची
कोरी_पाटी, ११:५९ ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

मी_मास्तर
मी पलीकडच्या बाजूचा. बरेच दिवस मनात आहे, लिहूनच टाकतो.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि आमचे वर्ग पडद्यावर गेले. एक मुलगा कायम कॅमेरा बंद ठेवून. विचारलं की ‘सर, खराब आहे’. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘काय रे, तुझा कॅमेरा दुरुस्त व्हायला अजून किती महिने?’ मुलं हसली. सगळे म्यूटवर होते, तरी छोट्या छोट्या चौकोनांत हलणारे खांदे दिसले. तो चौकोन तेवढा काळा.

वहीचे फोटो काढून पाठवायचे असा नियम होता. त्याचे फोटो पहाटे साडेचारला यायचे. एक पान ४:३१, दुसरं ४:३८, तिसरं पाचच्या पुढे. माझी खात्री, हा रात्रभर गेम खेळत बसतो. शेरा लिहिला, ‘निष्काळजी’.

शाळा उघडल्यावर त्याची आई भेटली. दिवसा टॉवरवर एवढी गर्दी की फोटो जायचाच नाही, अर्ध्यात अडकायचा. पहाटे सगळे झोपलेले, रेंज मोकळी. ती स्वतः त्याला उठवायची आणि दोघं गच्चीवर जायची. कॅमेरा चांगला होता. तो चालू केला की आवाज तुटायचा, म्हणून बंद. ‘खराब आहे’ हे त्याला त्यातल्या त्यात बरं दिसणारं उत्तर वाटलं असणार.

त्या शेऱ्यावर माझी सही आहे.

कोरी_पाटी
सर, तुम्ही लिहिलंत हे मोठं आहे. आमच्या सरांनी अजून लिहिलं नाहीये, वाट बघतेय :)

स्पष्टवक्ता_एक
काही मुलं खरंच गेम खेळतात हेही लक्षात घ्या. आमच्या वेळी कुठे होतं नेट? शिकलोच ना आम्ही? गरज असेल तर माणूस मार्ग काढतो.

निळी_शाई
अहो काका, तुमच्या वेळी वर्गात कुणाकडेच नव्हतं. गुरुजी फळ्यावर लिहायचे, तुम्ही उतरवून घ्यायचात, विषय संपला. आता गृहपाठच नेटवर ठेवतात. ज्याच्याकडे नाही त्यानं तो बघायचा कुठे? आणि मार्ग काढतातच की. पहाटे साडेचारला गच्चीवर जाणं म्हणजे आणखी काय?

स्पष्टवक्ता_एक
हं. एवढं पटलं. मोबाइलनं मुलं बिघडतात हा माझा मुद्दा मात्र कायम. आणि काका म्हणू नका, एकेचाळीसचा आहे.

निळी_शाई
बरं, दादा. बिघडण्यासाठी वेगळा धागा काढा, सगळे येऊ. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

अंगठेबहाद्दर
आयडी उगाच नाही घेतला. शेवटच्या वर्षाचा सगळा प्रकल्प फोनवर दोन अंगठ्यांनी लिहिलाय. शाळा-कॉलेजच्या अर्जातल्या ‘घरी नेट आहे का?’ या रकान्यात मी ‘आहे’ लिहायचो, खोटं काय त्यात. पण फोनवर एका वेळी चारपाच ओळी दिसतात. तिसऱ्या पानावर काय लिहिलं ते आठव्या पानावर आठवत नाही. आकृतीला जरा हात लावला की ती थेट पुढच्या पानावर. काचेला तडा गेलेला, नेमका ‘र’च्या डोक्यावर, तो उमटवायला तीनदा दाबावं लागायचं. तपासून आल्यावर शेरा काय, तर ‘विषय समजला आहे, मांडणी गचाळ’. बरोबरच होतं म्हणा. मलाही ती मांडणी पहिल्यांदा नीट दिसली ती छापून आल्यावर.

आकडेमोड
अंगठेबहाद्दर म्हणतात त्याला आधार आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या क्वेलो सेंटरनं तिथल्या, मुख्यतः ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल काढला. ज्यांच्या घरी नेट नाही आणि ज्यांची सगळी मदार फोनच्या डेटावर आहे, असे दोन्ही गट गृहपाठ पुरा करण्यात, गुणांत आणि संगणक हाताळण्यात मागे पडलेले दिसले. म्हणजे ‘फोन आहे की घरात’ म्हणून ज्यांची गणना नेटवाल्यांत होते, ती मुलंही मागेच.

आणि ही चारदोन घरांची गोष्ट नाही. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) यांनी डिसेंबर २०२० मध्ये आकडा दिला होता, ३ ते १७ वयाची १३० कोटी मुलं घरी नेट नसलेली. जगातल्या त्या वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांश. एवढ्यांना तिसरी पायरी पुरायची नाही.

गच्चीवरची
वर्गात नेटवाली जास्त नि बाकीची थोडी, असंच डोक्यात होतं माझ्या. जगाचा हिशेब उलटाच निघाला.

अवांतर: आमच्याकडे नेट आहे, वेग नाही. कारण मांजर राउटरवर झोपतं. उबदार लागतं ना त्याला.

उशिरा_उठणारा
मांजरानं रेंज खरंच कमी होते का?

आकडेमोड
होऊ शकते. मांजर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. शिवाय राउटर तापतो तो वेगळाच. मांजर उचला.

गच्चीवरची
तुम्ही येऊन उचला. बोचकारतं.

दोन_वेण्या
कपडे वाळत घालता घालता लिहितेय, चूभूद्याघ्या.

आमच्या मुलाच्या गटात चौघं. सादरीकरण एकाच फाइलमध्ये सगळ्यांनी मिळून लिहायचं. तीन घरांत नेट, रात्री नऊला तिघं एकदम जमायचे, हसतखिदळत काम चालायचं. चौथी मुलगी कधीच नसायची. शेवटी तिघांनी बाईंना कळवलं की तिनं काही केलं नाही. माझा पठ्ठ्या त्यात पुढे. त्या फाइलमध्ये कुणी कधी काय लिहिलं ते सगळं दिसतं ना, तिच्या नावापुढे शून्य. पुरावाच.

सादरीकरणाच्या दिवशी ती गुंडाळी घेऊन आली. पावसाचे तक्ते हातानं काढलेले, बारा महिन्यांचे बारा स्तंभ, रंगीत पेन्सिलीनं. कडेला आकडे इतके बारीक की वाकून वाचावे लागत होते. यांच्या फाइलमधले आकडे कुठूनतरी उचललेले. हिनं शाळेच्या ग्रंथालयातून उतरवलेले. मुलगा घरी येऊन गप्प बसला. मीही काही बोलले नाही, कारण आदल्या दिवशी ‘काही मुलं फुकटीच असतात’ हे वाक्य माझं होतं.

मी_मास्तर
तो नोंदींचा इतिहास आम्ही शिक्षकही उघडून बघतो आणि न्याय केला असं समजतो. हे लक्षात ठेवीन.

बाईंची_वही
मीही शिकवते. सगळं सोडवलं असं नाही, पण चार गोष्टी बदलल्या, कुणाला उपयोग झाला तर.

मुदत रात्रीची ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत. तेवढ्यानंच माझ्याकडचे अर्धे ‘विसरले’ बंद झाले. वहीचे फोटो मागत नाही. फोनचा एक फोटो सहज तीनचार एमबीचा असतो, दहा पानं म्हणजे दुबळ्या नेटवर रात्र गेली. बरं, बऱ्याच घरच्या जोडण्यांवर उतरवून घ्यायचा वेग जास्त आणि चढवायचा कमी, त्यामुळे व्हिडिओ दिसतोय म्हणजे फोटो जाईल असं नाही. मी म्हणते वहीच घेऊन ये, मला डोळे आहेत.

गूगल डॉक्स नेटशिवाय चालतं, पण ती सोय नेट असताना आधीच चालू करून ठेवावी लागते. हे मुलांना कुणी सांगतच नाही. आम्ही ते शाळेत बसूनच करून घेतो. किविक्स नावाच्या मोफत ॲपवर विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, एकदा उतरवला की नेट लागत नाही.

आणि ‘कुणाकडे नेट नाही, हात वर करा’ असं कधीच विचारत नाही. पहिल्या वर्षी विचारलं होतं. एकही हात वर आला नाही. आता वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठी लिहून घेते. घरी काय आहे, कितीजणांत आहे, किती वाजता हाताला लागतं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा.

कोरी_पाटी
बाई, तुम्ही आमच्या शाळेत का नव्हता?

रात्रपाळी
जरा वेगळंच विचारतो. गेले काही दिवस आमच्या वायफायवर एक अनोळखी फोन दिसतोय, रोज साडेसात ते नऊ. पोरांपैकीच कुणीतरी पासवर्ड दिलाय शेजारच्या मुलाला. आज बदलणारच होतो. हा धागा वाचला आणि हात थांबला.

आकडेमोड
पाहुण्यांसाठी वेगळं जाळं सुरू करता येतं बहुतेक राउटरवर. तुमचे फोन-संगणक वेगळे राहतात, वेगाला मर्यादा घालता आली तर उत्तम. त्याचा पासवर्ड उघडपणे द्या.

निळी_शाई
‘उघडपणे’ला शंभर टाळ्या. चोरून वापरणाऱ्याची छाती कशी धडधडते ते धागाकर्तीला विचारा. बाय द वे तिसरी_पायरी, त्या काकांनी मुद्दाम बदलला होता का पासवर्ड? कधी विचारलंत?

तिसरी_पायरी
किती छान लिहिताय सगळे. मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

निळी_शाई, नव्हतं विचारलं. पण तुमचा प्रश्न वाचून काल त्यांच्या मुलाला फोन लावला, त्यालाच पासवर्डाबद्दल आठवण करून दिली. तो म्हणाला, ‘अगं, राउटर बिघडला होता, नवा आला, नवा पासवर्ड आला. बाबांनी मला सांगितलं होतं, खालच्या मुलीला दे म्हणून. राहून गेलं.’

राहून गेलं! आणि काकांना पहिल्यापासून माहीत होतं, दाराच्या फटीतून वायर दिसत होती म्हणे. मी इतकी वर्षं जिन्यात समोर आले की मान खाली घालून जायचे. त्यांना वाटायचं मुलगी लाजाळू आहे.

दोन_वेण्या
हसू का रडू!

रात्रपाळी
गेलो शेजारी. दार मुलानंच उघडलं, मला बघून पांढराफटक. पासवर्ड कागदावर लिहून दिला. त्यानं कागद बघितला आणि म्हणाला, ‘काका, हाच आहे माझ्याकडे.’

बदलायला विसरलो होतो.

उशिरा_उठणारा
हाहाहा. माझं सविस्तर राहिलंच. उद्या नक्की. गच्चीवरची, मांजराचं काय झालं?

गच्चीवरची
राउटर कपाटावर ठेवला. वेग आला. मांजर आता लॅपटॉपवर झोपतं.