जाईबाईंचे नाव राहून गेले
विदर्भातील सेवाभावी शिक्षकांविषयीच्या इथल्या चर्चेत बरेच लिहिले गेले, पण जाईबाई चौधरी यांचा उल्लेख झाला नाही, म्हणून ही भर घालतो. १८९२ साली उमरेडला जन्मलेल्या जाईबाईंनी नागपुरात डोक्यावर ओझी वाहून पोट भरले. पुढे एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकून त्या शिक्षिका झाल्या, तेव्हा ‘अस्पृश्य बाई शिकवते’ म्हणून लोकांनी आपली मुले शाळेत पाठवायचेच बंद केले आणि ती नोकरी गेली. तरीही १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, हे धैर्य मला फार मोठे वाटते. माझी आजी वस्तीतल्या अशाच एका शाळेत चार इयत्ता शिकली. रेशनच्या दुकानात अंगठा न उमटवता, पदराला हात पुसून, ती सावकाश आपले पूर्ण नाव लिहीत असे.