मदत हवी आहे: बाबांना (वय ६७) घेऊन बालीतल्या बातुर ज्वालामुखीवर पहाटेची चढाई जमेल का?

केतकी_सातारा

मेच्या अखेरीस आई, बाबा आणि मी बालीला जातोय. तिकिटं झाली आहेत, मुक्काम उबुदला आहे. तिथे बाबांसाठी एक गोष्ट करायची फार इच्छा आहे. त्याबद्दल तो डोंगर स्वतः चढून आलेल्यांचा सल्ला हवाय.

बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. केंद्रीय उद्रेक आणि भेगीय उद्रेक यांच्या आकृत्या ते फळ्यावर इतक्या मन लावून काढायचे की त्यांचे जुने विद्यार्थी अजून आठवण काढतात. आपला सगळा सह्याद्री भेगीय उद्रेकाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. त्यावर आम्ही जन्मभर राहिलो. पण शंकूच्या आकाराचा, वर विवर असलेला, अजून धुमसणारा ज्वालामुखी त्यांनी कधीच पाहिलेला नाही. भारतात असा एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे पर्यटकांना उतरू देत नाहीत.

म्हणून बातुर. रात्री दोनला हॉटेलमधून निघायचं, चारच्या सुमारास चढायला लागायचं, सूर्योदयाला माथ्यावर, असा सगळ्यांचा कार्यक्रम दिसतो. उंची १,७१७ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि बाबांनी ते निवृत्तीनंतर केलंय, शिड्यांसकट. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जातात. बीपीची गोळी सुरू आहे, बीपी ताब्यात आहे. उजवा गुडघा मात्र उतरताना दुखतो.

कळसूबाई जमलं म्हणजे बातुर जमेल, असं धरून चालू का? अंधारात वाट कशी आहे? गाइड घ्यावाच लागतो का? आणि नाहीच जमणार असं वाटलं, तर त्यांना खरा ज्वालामुखी जवळून दाखवायचा दुसरा कुठला मार्ग आहे? आई चढणार नाही, ती खालीच थांबेल. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावर आदल्या दिवशी सांगायचं मनात आहे.

घाटवाट

केतकी, नुसत्या उंचीवर जाऊ नका. पायथ्याचं तोया बुंगकाह गावच हजारेक मीटरवर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ सहाशे-सातशे मीटरचा. कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावातून याहून जास्त चढावं लागतं. दमाचा प्रश्न नाही, बाबा आरामात चढतील.

प्रश्न पायाखालच्या जमिनीचा आहे. आपला कातळ घट्ट असतो, बूट ठेवला की बसतो. बातुरच्या वरच्या भागात सगळा घसारा, म्हणजे ज्वालामुखीची खडी आणि काळी वाळू. पाऊल टाकलं की थोडं मागे येतं. चढताना नुसता वैताग येतो, पण उतरताना तीच खडी गोट्यांसारखी पायाखालून निसटते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. तुम्ही लिहिलंत की त्यांचा गुडघा उतरतानाच दुखतो. चढायला दोन तास लागले तर उतरायलाही दोन लागतील असं धरून चला, आणि घाई करणारा कुणी सोबत नको.

त्यामुळे माझं मत: गटात जाऊ नका. दहा-बारा जणांच्या गटात विशी-पंचविशीची मुलं असतात, गाइड त्यांच्या चालीने चालतो आणि मागचा माणूस संकोचून दम न घेता ओढत राहतो. तुमच्या दोघांपुरता वेगळा गाइड घ्या. गाइड लागतोच, तिथली स्थानिक गाइड मंडळींची संघटना त्याशिवाय वर सोडत नाही. घ्यावाही, कारण अंधारात वाटेला फाटे बरेच आहेत.

दुसरं, उबुदहून मध्यरात्री निघूच नका. आदल्या रात्री तोया बुंगकाहला तळ्याकाठी मुक्काम करा. झोप मिळते, पहाटेचा गाडीचा तासाभराहून जास्त प्रवास वाचतो आणि चारऐवजी तीनला सावकाश निघता येतं. शिवाय तिथेच गरम पाण्याची कुंडं आहेत, परत आल्यावर गुडघ्यांना त्यासारखं सुख नाही. आईसुद्धा तिकडे मजेत बसतील.

माथ्याच्या आधी कडेवर एक थांबा आहे, तिथूनही पूर्व पूर्ण मोकळी दिसते. शेवटचा टप्पा सगळ्यात उभा आणि सगळ्यात सुटा. तो सोडला तरी सूर्योदय हुकत नाही. विवराची कड बघायची असेल तर उजाडल्यावर, गुडघा काय म्हणतोय ते बघून, तिथून पुढे जाता येईल.

दोन काठ्या, उगाच एक नको. हेडटॉर्च दोघांना वेगळी. वर वारा चांगलाच बोचतो आणि चढताना घाम आलेला असतो, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या बदलायला कोरडा बनियन आणि कानटोपी सॅकमध्ये हवीच.

डॉक्टर_मिरज

बाबांना तपासल्याशिवाय ठाम काही सांगणार नाही, पण विचारात घ्यायच्या गोष्टी लिहिते. १,७१७ मीटरवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, तो साधारण अडीच हजारांच्या वर सुरू होतो. त्याची काळजी नको.

बीपीची गोळी कुठली आहे ते महत्त्वाचं. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अशी गोळी पहाटे घेऊन चढायला लागलं तर पंचाईत होते आणि अंगातलं पाणीही कमी होतं. काही गोळ्यांमुळे चढतानाही नाडी फारशी वाढत नाही आणि माणूस लवकर थकतो. वेळ मागेपुढे करायची असेल तर ती त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. स्वतःच्या मनाने गोळी चुकवायची नाही. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेव्हा तिथले पहाटेचे चार म्हणजे त्यांच्या शरीराचा दीड वाजलेला. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चढाई नको, सहलीच्या मधल्या दिवसांत ठेवा.

जाण्याआधी स्ट्रेस टेस्ट करून घेता आली तर उत्तम. आणि प्रवास विम्यात डोंगर चढणं धरलंय का, ते कागद काढून वाचा.

केतकी_सातारा

घाटवाट, डॉक्टर, तुमचे मनापासून आभार. घसाऱ्याचं इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आता एकच धाकधूक आहे: डोंगर जिवंत आहे म्हणताना धोका कितपत?

जकार्ताकर

मी इंडोनेशियात नोकरीला आहे. धोक्याचं आधी सांगतो. इथे सरकारी ज्वालामुखी विभाग प्रत्येक डोंगराला चार पातळ्यांपैकी एक देतो: नॉर्मल, वास्पदा, सियागा, आवास. बातुरचा शेवटचा उद्रेक २००० साली झाला आणि तो सहसा पहिल्या पातळीवर असतो. निघण्याच्या आठवड्यात आणि आदल्या दिवशी पातळी बघा. दुसरी लागलेली असली तर जाऊ नका. हे ठासून लिहितोय, कारण डिसेंबर २०२३ मध्ये सुमात्रातला मारापी दुसऱ्या पातळीवर असताना अचानक उसळला आणि वीसहून जास्त गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. दुसरी पातळी म्हणजे ‘जरा जपून जा’ असं बरेच लोक समजतात. वरच्या विवराच्या बाबतीत तरी ते तसं समजू नये.

आता पर्याय. बातुरवरच जीप मिळते. पहाटे एका उंच जागी नेऊन सूर्योदय दाखवतात, मग खाली काळ्या लाव्हाच्या मैदानात उतरवतात. गुडघ्याला काही ताण नाही.

पण सहलीत दोन-तीन दिवस मोकळे काढता आले तर पूर्व जावातला ब्रोमो बघा. बालीतल्या देनपासारहून विमानाने जावातलं सुराबाया आणि पुढे तीन-चार तास गाडी. उंची २,३२९ मीटर, पण चढ जवळजवळ नाही. पहाटे जीप पनांजाकानच्या कड्यावर नेते. तिथून खाली अख्खा तेंगर कॅल्डेरा (जुना ज्वालामुखी खचून झालेला प्रचंड खळगा), त्यात धूर सोडणारा ब्रोमो आणि मागे ३,६७६ मीटरचा सेमेरू ज्वालामुखी. मग वाळूचं मैदान ओलांडून अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढलं की माणूस थेट विवराच्या काठावर. पायऱ्या पक्क्या आहेत. तिथले तेंगर लोक हिंदू आहेत आणि विवराच्या काठावर गणपतीची मूर्ती आहे. थंडी मात्र कडक, कोरड्या महिन्यांत खाली गवतावर हिमकण जमतात.

पूर्व जावातल्याच इजेन ज्वालामुखीच्या निळ्या ज्वाळांचे फोटो बघून मोह होईल. तिकडे बाबांना नेऊ नका. गंधकाचा धूर अंगावर येतो, मुखवटा लावावा लागतो.

नलूमावशी

केतकी बाळ, मी चौसष्टाव्या वर्षी मुलासोबत बातुर चढले. सगळ्यांनी गुडघ्याचं सांगितलं, मी वेगळं सांगते. बाबांना आत्ताच सांग. आदल्या दिवशी सांगितलंस तर ते तुझ्या मनाखातर हो म्हणतील, गुडघा दुखला तरी बोलणार नाहीत. आपल्या पिढीचे वडील असेच असतात गं. महिनाभर आधी कळलं तर तयारी करतील, पायऱ्या उतरायचा सराव करतील आणि नको वाटलं तर नको म्हणायला त्यांना वेळही मिळेल. शिवाय वाट बघण्यात जो आनंद आहे तो का हिरावून घ्यायचा?

आणि खाण्याचं: वर गाइड लोक जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर अंडी आणि केळी शिजवून देतात. अंडं चालत नसेल तर आधी सांगा. माकडं फार धीट आहेत, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसा.

केतकी_सातारा

मावशी, तुमचं वाचलं आणि रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते उठून कपाटातून नकाशांचं पुस्तक घेऊन आले. आईचा वरणभात गार झाला.

त्यांनी तासाभरात मलाच शिकवलं. की बातुर हा एका प्रचंड कॅल्डेराच्या पोटात नंतर उगवलेला शंकू आहे आणि तळं त्याच कॅल्डेरात साठलेलं आहे. की १९२६ च्या उद्रेकात जुनं बातुर गाव लाव्हाखाली गेलं आणि देवळासकट लोक वर कडेवर राहायला आले. की मेअखेर सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून तो शेजारच्या लोंबोक बेटावरच्या रिंजानी डोंगरामागून न उगवता बराच डावीकडे उगवेल, आणि बालीतलाच आगुंग ज्वालामुखी रिंजानीहून आणखी उजव्या हाताला असेल. होकायंत्र घेणार आहेत.

गुडघ्याबद्दल त्यांनी स्वतःच सांगितलं की थांब्यापर्यंत नक्की, पुढचं उजाडल्यावर. ब्रोमो त्यांना हवाय, पण पुढच्या वेळी, आईलाही जीपमधून नेता येईल म्हणून. तर ठरलं ते असं: तोया बुंगकाहला दोन रात्री, दोघांपुरता गाइड, तीनला निघणं, स्ट्रेस टेस्ट आणि डॉक्टरांचा होकार आधी. आदल्या दिवशी पातळी बदललेली दिसली तर जीपसुद्धा नाही, तळ्याकाठी बसून शंकू बघायचा.

शेवटचा प्रश्न, गाइडला चालीबद्दल आधी कसं सांगावं? भाषेची अडचण येते का?

घाटवाट

इंग्रजी कामापुरतं येतं. ठरवतानाच वय आणि गुडघा दोन्ही सांगा, म्हणजे तो त्या हिशोबाने वेळ धरेल. वाटेत ‘पलान-पलान’ म्हणा, म्हणजे हळूहळू. काहीजण मोटारसायकलवर अर्ध्या वाटेपर्यंत सोडतो म्हणून मागे लागतात, त्यांना नाही म्हणा, सुट्या खडीवर मागे बसून जाणं बाबांना चालण्याहून जास्त जोखमीचं आहे. आणि उतरताना गाइडला बाबांच्या पुढे चालायला सांगा, तुम्ही मागे. पाय घसरला तर धरणारा माणूस खालच्या बाजूला हवा.